गोदामातले उंदीर हटेनात? आमच्याकडे शेवटी हे चाललं

भिवंडीत आमचं खोक्यांचं गोदाम आहे. रोज सकाळी कुरतडलेले कोपरे, भिंतीकडेला लेंड्या. विषाच्या वड्यांनी उंदीर मेले ते पोटमाळ्यात, आणि वास सगळीकडे. ग्लू पॅडवर नुसती धूळ चिकटली. डोकं उठलं होतं!

आधी रात्री भिंतीलगत रांगोळी भुरभुरली. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ थेट मोरीच्या पाइपाकडे आणि शटरच्या कोपऱ्याकडे. पाइपाभोवती 6 मिमीची लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट (नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात). शटरखाली जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी) पत्र्याची पट्टी; रबर त्यांना खाऊच. मग माल भिंतीपासून दीड फूट आत, पॅलेटवर (माल ठेवायच्या उंच पाटावर). हमालांचे जेवणाचे डबे बाहेर, यावरून कुरकुर झालीच.

सापळे सगळ्यात शेवटी. भिंतीला काटकोनात, खटका भिंतीकडे. गुळात मळलेला दाण्याचा कूट, वाटाण्याएवढाच. सुरुवातीला खटका चढवायचा नाही. नवी वस्तू दिसली की उंदीर बिचकतो. खाऊ बिनधास्त संपायला लागला, की एकाच रात्री सगळे सापळे चढवायचे.

मेलेले उचलताना हातमोजे घाला. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचचं पाणी मारून पुसा.