अमेरिकेतल्या ‘पुरोगामी’ काळावर लिहिताना या चुका टाळा

उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य मला दरवर्षी भेटतं : ‘अमेरिकेतील पुरोगामी नेते समतेचे पुरस्कर्ते होते.’ मुलांच्या सनावळ्या तोंडपाठ असतात, पण या एका वाक्यापासून उत्तर घसरायला लागतं. घोळ आपल्या शब्दात आहे. ‘प्रोग्रेसिव्ह’ला आपण ‘पुरोगामी’ म्हणतो, आणि महाराष्ट्रात पुरोगामी म्हटलं की फुले, शाहू, आंबेडकर डोळ्यांसमोर येतात. जातिभेदाला विरोध त्या शब्दातच मुरलेला आहे. साधारण १८९० ते १९२० या काळातल्या अमेरिकी प्रोग्रेसिव्हांबद्दल तसं धरून चालता येत नाही. ट्रस्टांची, म्हणजे बड्या कंपन्यांच्या गटांची, मक्तेदारी मोडायची, शहरांच्या कारभारातली लाचखोरी थांबवायची, अन्नातली भेसळ रोखायची, यासाठी ते झटले. काळ्या माणसाच्या हक्कांचा विषय निघाला की त्यांच्यातलेच अनेक जण पाठ फिरवत.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन घ्या. त्याच्या कारकिर्दीत १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, कायदा झाला, १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. आणि १९१३ पासूनच वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात झाली. इंडियाना राज्याने १९०७ मध्ये ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तोही सुधारणेच्या आणि विज्ञानाच्या नावाने. हे उत्तरात आलंच पाहिजे.

मात्र हे कळल्यावर काही मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळ्यांनाच वंशद्वेष्टे ठरवतात. तेही चूक. एन.ए.ए.सी.पी. ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना ज्या १९०९ च्या आवाहनातून उभी राहिली, त्यावर तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची सही होती. चारच वर्षांनी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते याच ड्यूईंचे विद्यार्थी. म्हणून माझा आग्रह असतो की ‘प्रोग्रेसिव्ह’ हाच शब्द ठेवा आणि कोण कशासाठी आणि कोणासाठी लढत होतं, ते नावानिशी लिहा.

ही एका पक्षाची चळवळ होती, असंही लिहिलं जातं. १९१२ ची निवडणूक आठवली की ही चूक होत नाही : विल्सन डेमोक्रॅट, टाफ्ट रिपब्लिकन, रिपब्लिकनांतून फुटून प्रोग्रेसिव्ह पक्ष काढणारे थिओडोर रूझवेल्ट आणि समाजवादी यूजीन डेब्स. सुधारणेची भाषा चौघांच्याही तोंडी होती. (आणि हे रूझवेल्ट १९३३ चे फ्रँकलिन रूझवेल्ट नव्हेत. नात्याने लांबचे, काळाने वेगळे.)

दारूबंदीच्या बाबतीत आपला अनुभव आड येतो. आपल्याकडच्या १९४९ च्या कायद्याने प्यायलाही परवाना लागतो, म्हणून अमेरिकेतही पिण्यावर बंदी होती असं वाटतं. अठराव्या घटनादुरुस्तीने दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं. आधी विकत घेऊन ठेवलेली दारू घरी पिणं गुन्हा नव्हता. दुसरं, ही चार कर्मठ धर्मवेड्यांची मोहीम होती असं समजू नका. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जात असताना जिच्या हातात कायद्याने काहीच नव्हतं, त्या बाईचा राग यामागे होता. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, दारूबंदीसाठी लढणाऱ्या स्त्री-संघटनेच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांना भेटल्या, आणि १८८९ मध्ये अमेरिकेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. या स्त्रियांची संघटना किती पसरली होती, ते त्यात वाचायला मिळतं. चळवळ १९०० साली अचानक उगवली, हा समजही त्याने दूर होतो.

‘१९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार मिळाला.’ या वाक्याला मी अर्धेच गुण देते. वायोमिंगच्या स्त्रियांना मताधिकार १८६९ मध्येच मिळाला होता. १८ ऑगस्ट १९२० ला टेनेसी हे छत्तिसावं राज्य अनुकूल झालं आणि एकोणिसावी घटनादुरुस्ती पक्की झाली. तिथे विरोधात जाणार असं वाटणाऱ्या २४ वर्षांच्या आमदार हॅरी बर्नने आईच्या पत्रानंतर आपलं मत बाजूने टाकलं. पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या स्त्रियांना साक्षरतेच्या परीक्षा, मतदानकर आणि धमक्या यांनी रोखलं, थेट १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत. १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या मताधिकाराच्या मोर्चात काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मागे चालायला सांगितलं होतं. त्या आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीतच जाऊन चालल्या.

सगळ्यात जास्त त्रास मला ‘आग लागली, मग कायदे झाले’ या वाक्याचा होतो. २५ मार्च १९११, शनिवार, कारखाना सुटायची वेळ. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यात आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुण मुली. त्याआधी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, क्लारा लेमलिच नावाच्या कामगार मुलीने भरसभेत यिडिशमध्ये उभं राहून संपाची हाक दिली होती आणि सुमारे २०,००० शिवणकामगार रस्त्यावर आले होते. अनेक मालकांनी करार केले. ट्रँगलच्या मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. म्हणजे आगीपूर्वीच या मुली बोलत होत्या, त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं. उत्तरात संप आधी आणि आग नंतर आलीच पाहिजे. त्यानंतर न्यूयॉर्क विधिमंडळातल्या रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ यांचा चौकशी आयोग, मग राज्याचे कामगार-सुरक्षेचे कायदे. आग रस्त्यावरून पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या आयोगासाठी कारखाने तपासत फिरल्या आणि १९३३ मध्ये देशाच्या मजूरमंत्री झाल्या. मालक डिसेंबर १९११ मध्ये निर्दोष सुटले, तेही त्याच परिच्छेदात लिहा.