घर बदलताना इंटरनेट जोडणी हलवण्याची तयारी

घर बदलण्याच्या यादीत टेम्पो, गॅस आणि शाळेची बस यांच्या मागे कुठेतरी इंटरनेटचा क्रमांक लागतो, आणि बहुधा सामान पोहोचल्यावरच ते आठवते. वास्तविक या कामाची पहिली नोंद नव्या घराची अनामत देण्याच्याही आधीची असायला हवी. मोबाइलचे सिम जसे आपल्यासोबत येते तशी घरातली फायबरची जोडणी येत नाही. ती एका ठरावीक पत्त्यावर, रस्त्यावरच्या एका ठरावीक डब्यातून आलेली तार असते, आणि ज्याला आपण ‘शिफ्टिंग’ म्हणतो ते म्हणजे नव्या पत्त्यावर नवी तार ओढून जुने खाते तिला जोडणे. नव्या इमारतीपर्यंत तार पोहोचतच नसेल, तर खाते कितीही जुने असले तरी उपयोग नाही.

म्हणून घर पाहायला जातानाच ही चौकशी करावी. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरून म्हसरूळला किंवा नाशिकरोडहून पाथर्डी फाट्याला जाणे आपल्याला गावातल्या गावात वाटते. कंपनीच्या हिशेबात मात्र हे विभाग वेगळे असू शकतात, कारण शेवटच्या टप्प्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्थानिक केबलचालक किंवा फ्रँचायझी पाहतात. भारत संचार निगमची भारत फायबर जोडणीदेखील बऱ्याच ठिकाणी अशा भागीदारांमार्फतच दिली जाते. ‘नाशिकमध्ये आमची सेवा आहे’ या उत्तरावर त्यामुळे समाधान मानू नये. संकेतस्थळावर पिनकोड टाकल्यावर दिसणारे ‘उपलब्ध’ हेही फार सांगत नाही, कारण एका पिनकोडमध्ये जुनी वस्ती आणि मळ्यातून नुकताच निघालेला लेआउट असे दोन्ही सामावलेले असतात. इमारतीचे नाव, विंग, मजला आणि जवळची खूण सांगून तार ओढणे शक्य आहे का, हे त्या विभागाच्या माणसाकडून विचारून घ्यावे आणि त्याचे उत्तर संदेशात लेखी मागावे. याहून भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच जिन्यातल्या शेजाऱ्याला विचारणे: कोणाची जोडणी आहे, संध्याकाळी वेग टिकतो का, पावसाळ्यात तार तुटली तर दुरुस्तीला माणूस कधी येतो. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामे निघतात तेव्हा जमिनीखालच्या तारा तुटण्याचे प्रकार वाढतात, तेव्हा तार खांबावरून येते की जमिनीखालून, हेही विचारून ठेवलेले बरे.

सोसायटी असेल तर सचिवांना आधीच भेटावे. काही ठिकाणी एक-दोन कंपन्यांनाच डक्टमध्ये तार टाकू दिली जाते, काही ठिकाणी ना-हरकत पत्र लागते, आणि गच्चीची किल्ली तर जवळजवळ सगळीकडेच लागते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याची परवानगी घरमालकांकडून घ्यावी. आधीच्या भाडेकरूची तार भिंतीत तशीच असेल तर तंत्रज्ञाला ती दाखवावी, कारण ती चांगली निघाली तर नवे भोक पाडावे लागत नाही.

शिफ्टिंग करायचे की जुने बंद करून नवे घ्यायचे, हा निर्णय यानंतरचा. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरलेले असतील तर शिफ्टिंगकडे कल असणे स्वाभाविक आहे, परंतु उरलेले दिवस नव्या पत्त्यावर जसेच्या तसे मिळतात का, मधले बंद दिवस जमा होतात का, आणि जुना प्लॅन नव्या विभागात चालू राहतो का, या तीन गोष्टी लेखी आल्याशिवाय विनंती नोंदवू नये. शिफ्टिंगचे शुल्क विचारताना त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून आकडा विचारावा, आणि ठरावीक लांबीपेक्षा जास्त तार लागली तर तिचा खर्च कोणाकडे, हेही. प्लॅनची मुदत संपतच आली असेल तर माझ्या मते नवी जोडणी घेणे अधिक सोयीचे, कारण मग जुने घर सोडण्यापूर्वीच नव्या घरात इंटरनेट सुरू करून पाहता येते. शिफ्टिंगमध्ये मात्र एकच खाते असल्याने मधे खंड पडणे जवळजवळ ठरलेले असते.

लँडलाइनचा नंबर जपायचा असेल तर थोडा अधिक विचार करावा. मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा नंबर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे कंपनी बदलली की नंबर गेला. त्याच कंपनीत राहूनही नाशिकच्या ०२५३ क्षेत्राबाहेर, उदाहरणार्थ ०२५५१ असलेल्या सिन्नरला जायचे असेल तर नंबर बदलणार हे धरून चालावे, आणि बँक, गॅस, दवाखाना अशा जिथे जिथे तो दिला आहे तिथे आधीच कळवावे.

कागदपत्रांना फार वेळ लागत नाही: ओळखीचा पुरावा आणि नव्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, महावितरणचे वीजबिल किंवा स्वतःचे घर असल्यास सूची क्रमांक दोन. अडचण बहुतेक वेळा येते ती ओटीपीची. खाते ज्या मोबाइल नंबरावर नोंदलेले आहे तो परगावी असलेल्या मुलाचा किंवा बंद पडलेला असतो, म्हणून विनंती करण्याआधी नंबर बदलून घ्यावा. पितृपक्ष संपून दसऱ्याचे गृहप्रवेश सुरू झाले की किंवा जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास घरे बदलणाऱ्यांची गर्दी असते. त्या दिवसांत दोन आठवडे आधी विनंती नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. घरून काम करणाऱ्याने मधल्या दिवसांसाठी मोबाइल हॉटस्पॉटची व्यवस्था ठेवावी, मात्र नव्या घरात, त्याच खोलीत, दार लावून नेटवर्क तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

यादीतली सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे राउटरची जागा. तंत्रज्ञ येतो तेव्हा घरात खोक्यांचा ढीग असतो आणि तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे दाराशेजारच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत, तो राउटर लावून मोकळा होतो. पुढे वर्षानुवर्षे आतल्या खोलीत रेंज येत नाही. सामान येण्यापूर्वीच घराच्या मध्यभागी, उंचावर आणि जवळ प्लग असलेली जागा निश्चित करावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिशटँक यांच्या आड राउटर ठेवू नये. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा काँक्रीटच्या भिंतींतून फारसा जात नाही, तर २.४ गिगाहर्ट्झचा दूरवर जातो पण संथ असतो. म्हणून दुमजली रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यासाठी रंगकामाच्या आधीच कॅट-६ ही नेटवर्क केबल पाइपातून टाकून घ्यावी. ती शंभर मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. फायबरची तार मात्र काटकोनात दुमडू नये किंवा दाराच्या फटीत दाबली जाऊ देऊ नये.

जुन्या घरी निघण्याच्या दिवशी ओएनटी (फायबरची तार ज्यात येते ते छोटे उपकरण), राउटर, त्यांचे अडॅप्टर आणि पॅच कॉर्ड म्हणजे जोडणीची छोटी तार एकाच पिशवीत ठेवून ती स्वतःजवळ ठेवावी, टेम्पोत देऊ नये. १२ व्होल्टचे अडॅप्टर एकमेकांसारखेच दिसतात, तेव्हा त्यांवर नावे चिकटवावीत. वायफायचे नाव आणि पासवर्ड लिहून घ्यावा; नव्या राउटरला तेच ठेवले की टीव्ही, प्रिंटर आणि सीसीटीव्ही पुन्हा जोडत बसावे लागत नाहीत.

तंत्रज्ञ नव्या घरी काम संपवून निघण्यापूर्वी ओएनटीवरचा लाल दिवा विझलेला आहे ना, हे पाहावे. सिग्नल किती मिळतो हेही विचारावे. तो डीबीएम या एककात मोजतात आणि उण्यातला आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. साधारणपणे उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असल्यास ठीक, उणे २७ च्या जवळ असेल तर जोड पुन्हा करून मागावा, नाहीतर पहिल्याच पावसात तक्रार करावी लागेल. वेग आधी केबल लावून लॅपटॉपवर तपासावा, मग वायफायवर, आणि त्याच रात्री आठ-नऊच्या सुमारास पुन्हा एकदा.

खाते बंद केले असेल तर कंपनीचे उपकरण परत करताना त्याच्या अनुक्रमांकासह पावती घ्यावी, आपोआप पैसे कापण्याची बँकेतली परवानगी रद्द करावी आणि अनामत परत येईपर्यंत खाते बंद झाल्याचा संदेश जपून ठेवावा. शिफ्टिंग झाले असल्यास पुढच्या बिलावर नवा पत्ता आणि बंद दिवसांची वजावट आली आहे का, हे पाहावे. आली नसेल तर तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्यावा, कारण कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायची वेळ आली तर तोच क्रमांक विचारला जातो.