बगळे, ढोकरी आणि बिटर्न ओळखायचे कसे, आणि रंग शेवटी का बघायचा

पांढरा पक्षी, लांब पाय, पाण्यात उभा, झालं, बगळा. इतपत सगळ्यांनाच येतं. पंचाईत पुढे होते कारण पांढरे बगळेच चार-पाच प्रकारचे आहेत, आणि चोचीचा रंग बघून नाव द्यायला जावं तर तोच बगळा दोन महिन्यांनी वेगळ्याच रंगाची चोच घेऊन उभा असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, बगळे, ढोकरी (पाँड हेरॉन) आणि बिटर्न (पाणकणसात लपून राहणारे त्यांचे भाऊबंद) यांच्या या कुटुंबात रंगावर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा. आधी अंगाची ठेवण, मान, चोचीचा आकार, पाय आणि उडताना काय दिसतं ते बघायचं. रंग मग शेवटी, खात्री करायला.

मुळात समोरचा पक्षी या कुटुंबातला आहे का, हे उडताना कळतं. बगळे, ढोकरी, बिटर्न सगळे मान एस अक्षरासारखी मागे दुमडून उडतात. बहुतेक करकोचे, शराटी (आयबिस), चमचे (स्पूनबिल), क्रौंच मान सरळ पुढे ताणून उडतात. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांब असतो म्हणून मानेला तो बाक येतो आणि झटक्यात मान पुढे फेकून मासा मारता येतो. फक्त एक सांभाळा, नुकताच उडालेला किंवा उतरत असलेला बगळा थोडा वेळ मान ताणलेलीच ठेवतो, तेव्हा नीट उड्डाण सुरू होईपर्यंत थांबायचं.

आता पांढरे. सगळ्यात जास्त गोंधळ मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांच्यात होतो. एकटा पक्षी असेल तर साइझवर जायचंच नाही, मोकळ्या पाण्यात एकटा उभा असलेला कुठलाही बगळा मोठाच वाटतो. शेजारी दुसरं काही असेल तर मात्र साइझ कामाला येते. मोठा बगळा जवळजवळ राखी बगळ्याएवढा, ८५ ते १०० सेंमी, आणि मध्यम हा ५६ ते ७२ सेंमी, म्हणजे छोट्या बगळ्याच्या जास्त जवळचा. एकटा असेल तर सरळ डोक्याकडे बघा. चोच मिटलेली असताना तोंडाची जी रेघ मागे जाते ती मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असते, मध्यम बगळ्यात डोळ्याच्या खालीच संपते. हे एक लक्षण पक्कं केलंत की अर्धं काम झालं, कारण ते वर्षभर तसंच राहतं, वय आणि हंगाम काहीही असो.

बाकीची लक्षणं याला पूरक म्हणून घ्यायची. मोठ्या बगळ्याची मान अंगापेक्षा बरीच लांब आणि मध्येच मोडल्यासारखा एक कोन, डोकं चपटं, चोच लांब. मध्यमची मान साधारण अंगाएवढी, डोकं गोलसर, चोच तुलनेने आखूड आणि टोकाला बऱ्याचदा काळपट. विणीच्या हंगामात दोघांचीही चोच काळी होते (अमेरिकेतल्या मोठ्या बगळ्याची मात्र तेव्हाही पिवळीच राहते), म्हणून म्हटलं रंगाच्या नादी लागू नका. तेव्हा तुरे बघा. मोठ्या बगळ्याला जाळीदार पिसं फक्त पाठीवर येतात, मध्यमला पाठीवर आणि छातीवर दोन्हीकडे. याच पिसांसाठी, बायकांच्या हॅटवर लावायला, एकोणिसाव्या शतकात बगळे इतके मारले गेले की त्या विरोधातून १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये आरएसपीबी ही पक्षी वाचवणारी संस्था उभी राहिली.

छोटा बगळा तसा सोपा आहे. काळी सडपातळ चोच, काळे पाय आणि खाली पिवळेधमक पंजे. चिखलात उभा असेल तर पंजे दिसत नाहीत, उडताना बघा, काळ्या पायांच्या टोकाला पिवळं चटकन उठून दिसतं. विणीच्या वेळी डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात. वागण्यातूनही ओळखू येतो, मोठा बगळा ध्यान लावून उभा राहणारा आणि हा इकडून तिकडे पळणारा, एका पायाने चिखल ढवळून मासे उठवणारा. पण छोट्याची पिल्लं फसवतात, त्यांची चोच फिकट आणि पंजे मळकट हिरवट असू शकतात, आणि आग्नेय आशियाच्या पुढच्या भागात जी उपजाती आहे तिचे पंजेही गडदच असतात.

गायबगळा या सगळ्यांत बुटका, मान आखूड, चोच आखूड आणि पिवळी, हनुवटीखाली पिसं फुगलेली असल्यामुळे जबडा जड दिसतो. विणीच्या काळात डोकं, मान, पाठ नारिंगी होते तेव्हा प्रश्नच नाही. पक्ष्यांच्या जातींच्या बऱ्याच याद्यांमध्ये आता पूर्वेचा आणि पश्चिमेचा गायबगळा वेगळे धरलेत, पूर्वेच्याचा नारिंगी रंग गालावर आणि गळ्यावरही पसरलेला असतो, पश्चिमेच्याचा डोक्याचा माथा, छाती आणि पाठ एवढाच. साध्या पांढऱ्या पिसाऱ्यात असताना दोघांना वेगळं करायला जाऊ नका. आणि गुरांच्या मागे फिरतोय म्हणून गायबगळा असंही नसतं, छोटा आणि मध्यम बगळाही गुरांच्या आसपास सापडतो, चोच बघूनच ठरवा.

किनाऱ्यावर असाल तर समुद्री बगळा डोक्यात ठेवा. याचे दोन रंग, एक गडद राखाडी आणि गळा पांढरा, तो ओळखायला काहीच त्रास नाही, आणि दुसरा पूर्ण पांढरा जो छोट्या बगळ्यासारखाच दिसतो. इथे चोच बघायची, समुद्री बगळ्याची जास्त जाड, किंचित खाली वाकलेली आणि बहुतेक वेळा काळी कुळकुळीत नसून तपकिरी-पिवळट. पायही हिरवट-तपकिरी. यांचे संकरही होतात त्यामुळे मधलेच काहीतरी दिसणारे पक्षी भेटतात, अशांना "बगळा, जात नक्की नाही" असं वहीत लिहून सोडून देणं हे चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कधीही बरं.

फोटो काढणाऱ्यांनी एक करा, एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये ठेवा. पांढरा पक्षी उन्हात जळून गेला की तुरे, पिसं काहीच उरत नाही. डोक्याचा अगदी बाजूने एक, पायांचा एक आणि उडतानाचा एक, एवढे तीन फोटो असले की नंतर कोणालाही विचारता येतं. समोरून काढलेला सुंदर फोटो ओळखायला बिनकामाचा असतो.

मोठ्या रंगीत बगळ्यांत दोनच मुख्य. राखी बगळा धिप्पाड, राखाडी, पांढऱ्या माथ्याला काळी पट्टी. पिल्लाचा माथा राखाडी असतो त्यामुळे ते कळकट दिसतं. जांभळा बगळा जरा लहान, फारच बारीक मान, तांबूस आणि त्यावर काळ्या रेघा, मोकळ्या पाण्यापेक्षा पाणकणसाच्या दाटीत जास्त. लांबून दोघे उडताना काळेच दिसत असतील तर मानेचा फुगवटा बघा, जांभळ्याचा जास्त खोल आणि टोकदार, आणि पंजे इतके मोठे की मागे पसरलेले दिसतात. जांभळ्याचं पिल्लू वाळूसारखं तपकिरी असतं, त्याला लोक उत्साहात मोठा बिटर्न करून टाकतात.

आता ढोकरी. बसलेली असताना मातकट, रेघारेघांची, चिखलात अक्षरशः पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उडाली की पांढरा रुमाल झटकावा तसे पंख उघडतात. पांढरे पंख आणि मातकट पाठ दिसली की बिटर्न नाही, विषय संपला. विणीच्या वेळी पाठ गडद मरून होते. पूर्वेकडे चिनी ढोकरीही असते, विणीच्या पिसाऱ्यात तिची डोकं-मान गडद तांबूस आणि पाठ काळपट, पण इतर वेळी दोघी इतक्या सारख्या की नुसतं ढोकरी म्हणून सोडून दिलेलं बरं.

रातबगळा मोठा झाल्यावर सोपा, काळा माथा, काळी पाठ, राखाडी पंख, लाल डोळे, जाड मान. घोळ त्याच्या पिल्लाचा. ते तपकिरी असतं आणि अंगावर रेघा असतात, म्हणून बिटर्नच्या अर्ध्या नोंदी खरं तर यांच्याच असाव्यात असा माझा संशय आहे. पंखांवर पांढरट थेंबासारखे ठिपके आहेत का बघा, असतील तर रातबगळ्याचं पिल्लू. शिवाय ते झाडावर बसतं, बरेचदा इतरांसोबत. पूर्ण पिसारा यायला साधारण तीन वर्षं लागतात त्यामुळे मधल्या अवस्थेतले अर्धे राखाडी अर्धे तपकिरी पक्षीही दिसणारच. हिरवा बगळा त्याहून लहान, माथा काळा, अंग करडं-हिरवट, पाय पिवळट, खारफुटीत नाहीतर सावलीच्या काठावर आडवा दबा धरून बसलेला. हा पाण्यात किडा किंवा पान टाकून मासे जवळ बोलावतो, आमिष वापरून शिकार करणारे पक्षी फार थोडे, त्यातला हा एक.

बिटर्नसाठी चालत शोधायला जाऊ नका. पहाटे किंवा संध्याकाळी पाणकणसाच्या दोन झुडपांमधली एक मोकळी फट निवडायची आणि तिच्यासमोर उभं राहायचं, हे पक्षी एका दाटीतून दुसऱ्या दाटीत जाताना तीन-चार सेकंद दिसतात आणि सगळं त्यातच उरकायचं असतं. त्या वेळात फक्त पंख बघा. पंखांची मागची पिसं काळी आणि पुढचा भाग फिकट पिवळट, असा स्पष्ट फरक असेल तर यलो बिटर्न. सगळा पंख एकसारखा तांबूस, काळं काहीच नाही, तर सिनॅमन बिटर्न. सगळा काळपट आणि मानेच्या बाजूला पिवळा पट्टा तर ब्लॅक बिटर्न, तो बाकी दोघांपेक्षा चांगला मोठाही असतो. मादी आणि पिल्लं बसलेली असताना रेघा-ठिपक्यांनी गोंधळवतात, पण उडताना पंखांचा हा नियम त्यांनाही लागू पडतो, म्हणून आधी पंख. लिटल बिटर्नचा नर मिळाला तर काळ्या पाठीवर पंखाचा फिकट ठसठशीत पट्टा दिसतो.

उरला मोठा युरेशियन बिटर्न, ७० ते ८० सेंमी, सोनेरी तपकिरी, काळा माथा, काळी मिशी. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो आणि वाळक्या गवतात मिसळून जातो, त्यामुळे विणीच्या भागात तो दिसण्याआधी ऐकूच येतो, नर घुमल्यासारखा खोल आवाज काढतो आणि तो काही किलोमीटर पोचतो. आवाजाचंच निघालं म्हणून, अंधार पडल्यावर डोक्यावरून "क्वॉक" असा एकच कोरडा आवाज गेला तर दुर्बीण काढायची गरज नाही, तो रातबगळा.