जागलीवरचं ब्लिट्झ आणि नागपूरची पहिली टूर्नामेंट

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडं रानडुकरांसाठी जागल सुरू होते. दोन हिवाळे मी मचाणावर बसून रात्री ११ पासून २-३ वाजेपर्यंत फोनवर चेसचे (बुद्धिबळाचे) ब्लिट्झ, म्हणजे दोघांना सगळ्या डावासाठी तीन-तीन मिनिटं असलेले गेम खेळलो, थंडीनं बोटं आखडायची तरी खेळून राहिलो होतो. ऑनलाइन रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) ९०० वरून १७०० च्या वर गेलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, चेस खेळणारे इनमिन तिघं, त्यात मी पहिला, मग वाटणारच ना की आपण तयार झालो. २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली तेव्हापासून गावातले पोट्टेही फोनवर खेळायला लागले अन् सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ, ब्लिट्झ खेळून गेम सुधारते का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो, कारण मी ज्या खड्ड्यात पडलो त्यात दुसऱ्या कोणी पडू नये असं मनापासून वाटते.

माझी पहिली क्लासिकल (लांब वेळेची) टूर्नामेंट नागपूरला होती, ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची भर. पहाटेची एसटी धरून गेलो, एंट्री फी बाबांनी तूर विकून आलेल्या पैशातून दिली होती. पहिले दोन राउंड हरलो, ते सोडून देतो. तिसऱ्या राउंडला समोर बारा-तेरा वर्षांचा पोरगा, आणि मी जिंकत होतो. (घरांची नावं अशी, उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८.) माझं प्यादं जी७ वर, राजा त्याच्या पुढं जी८ वर, हत्ती एफ१ ला. त्याचा राजा ई७ ला अन् हत्ती एच२ ला. जाणकारांना कळलंच असेल, ही लुसेनाची पोझिशन, हत्तीच्या एंडगेममधला (डावाच्या शेवटच्या टप्प्यातला) पहिला धडा. मी हत्तीनं ई१ वर शह दिला, त्याचा राजा डी७ ला गेला. आता फक्त हत्ती ई४ वर नेऊन ठेवायचा होता, म्हणजे पुढं राजा शह खात खात खाली आला की हत्ती आडवा येऊन शह अडवतो आणि प्याद्याचा वजीर होतो. मला ते माहीतच नव्हतं. मी चार सेकंदात राजा एफ७ ला काढला. शह. जी६. शह. एच६. शह. जी५. शह. मग मी राजा एफ४ ला आणला आणि त्या पोरानं शांतपणे हत्तीनं जी७ चं प्यादं उचललं. हत्तीसमोर हत्ती उरला, ड्रॉ.

त्या वेळी माझ्या घड्याळात १ तास ३६ मिनिटं होती. म्हणजे सुरुवातीला मिळाली त्यापेक्षा ६ मिनिटं जास्तच, कारण मी बहुतेक चालींना पाच-सात सेकंद घेत होतो आणि ३० जमा होत होती. दीड तास हाताशी असताना मी चार सेकंदात अर्धा पॉइंट घालवला. परतीच्या एसटीत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता खरा खड्डा सांगतो, हा भाग नीट वाचा. घरी येऊन मी माझे जिंकलेले शेवटचे १०० गेम एकेक करून उघडले. त्यातल्या ४३ मध्ये समोरच्याचा टाइम संपला होता. मात नाही, रिझाइन नाही, नुसता टाइम. आणि त्यातल्या कितीतरी गेममध्ये शेवटच्या पोझिशनला मी हत्ती नाहीतर घोडा कमी होतो, म्हणजे हरलेला होतो. तीन मिनिटांच्या गेममध्ये भर नसते, दोघांकडं दहा-दहा सेकंद उरले की ज्याचं बोट चपळ तो जिंकतो, फालतू शह देत राहा, प्रीमूव्ह (समोरच्याच्या चालीआधीच आपली चाल) लावत राहा, समोरचा विचार करायला थांबला की गेला. मला ती कला येत होती आणि मी तिलाच चेस समजून बसलो होतो. क्लासिकलमध्ये समोरच्याची सगळी मिनिटं संपत आली तरी प्रत्येक चालीला त्याला ३० सेकंद मिळतातच, अन् ३० सेकंदात हत्तीनं शह द्यायला कोणालाही जमते. माझं सगळ्यात मोठं हत्यार तिथं चालतच नव्हतं, आणि दोन वर्षं त्या हत्याराच्या आड माझं एंडगेमचं अज्ञान झाकलेलं राहिलं. लुसेना ऑनलाइन माझ्या बोर्डावर दहा वेळा तरी आली असेल, मी दर वेळी घड्याळावर जिंकलो, म्हणून ती शिकायची गरजच पडली नाही. म्हणून म्हणतो, रेटिंगचा आकडा पाहू नका, त्यातल्या किती विजयांत टाइम संपला ते मोजा. आजच मोजा, अर्धा तास लागते.

लोक लगेच मोठ्यांची नावं घेतात. आनंद लहानपणी भराभर खेळायचा, नॉर्वेच्या कार्लसनकडं २०१४ मध्ये क्लासिकल, रॅपिड (क्लासिकल अन् ब्लिट्झच्या मधला वेग), ब्लिट्झ तिन्ही जगज्जेतेपदं एकाच वेळी होती, सगळं खरं आहे. पण त्यांचा वेग आला कुठून? १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग छापला होता (त्यातल्या एकाचं आडनावच चेस). खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवली तर मास्टर ती बऱ्यापैकी परत मांडतो, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर तोही आपल्यासारखाच अडखळतो. म्हणजे वेग हा आधी भरून ठेवलेल्या ओळखीचा असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ब्लिट्झ हा पोहरा आहे. आणि दिव्याचंच घ्या, आपल्याच देशाच्या कोनेरू हंपीसोबतचे फायनलचे दोन क्लासिकल गेम ड्रॉ झाले, मग बरोबरी फोडायच्या रॅपिडच्या गेममध्ये, म्हणजे टायब्रेकमध्ये, ती जिंकली. पोट्टे म्हणतात, पाहा, फास्टमध्येच जिंकली. अरे, त्या टायब्रेकपर्यंत पोचायला ते दोन क्लासिकल गेम वाचवावे लागले ना! गुकेश २०२४ मध्ये क्लासिकलचा जगज्जेता झाला तेव्हा त्याचं ब्लिट्झ रेटिंग क्लासिकलच्या बरंच खाली होतं, हेही पोट्ट्यांना सांगत जा.

मग ब्लिट्झ सोडायचं का? नाही. मी सोडलं नाही. नवीन ओपनिंग घेतली की पहिल्या दहा-बारा चालींत कोण कुठं फसवते ते वीस ब्लिट्झमध्ये जेवढं कळते तेवढं दोन टूर्नामेंटमध्ये नाही कळणार. टाइम कमी उरल्यावर हात थरथरू नये याची सवयही तिथंच होते. फक्त भर असलेलं खेळा, तीन मिनिटं अन् दोन सेकंद, एका रात्री तीन गेम, आणि प्रत्येक गेम इंजिन (चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) न लावता स्वतः परत पाहा. इंजिन शेवटी. एक मिनिटाच्या बुलेटबद्दल मात्र माझं मत वाईट आहे, नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊच नये.

आमच्या गावात एक रिटायर तलाठी आहेत, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. पारावर देशी नियमानं खेळायचे, प्यादं एकेकच घर जाणार, राजाला एकदा घोड्याची उडी. मी त्यांच्याशी खेळायला कंटाळायचो. ते प्रत्येक चालीआधी अडकित्त्यानं सुपारी कातरत अन् कातरून झाल्याशिवाय सोंगटीला हात लावत नसत. नागपूरहून आलो तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिला होता बे? तुही बस सुटून राहिली होती का?" फोनवर हजारोंची फी घेऊन महिन्याभरात २००० रेटिंग करून देतो म्हणणाऱ्या कोणापेक्षाही मला त्या सुपारीनं जास्त शिकवलं. तसल्या कोर्सला बाबांचे पैसे घालू नका, मी एकदा घातले आहेत. शिकवणारा तुमचे हरलेले गेम तुमच्यासोबत बसून पाहत नसेल तर तो गुरू नाही.

माझी सुपारी म्हणजे पेन. समोरच्यानं चाल केली की आधी ती कागदावर पूर्ण लिहायची, पेन खाली ठेवायचा, मगच बोर्डाकडं पाहायचं. तेवढ्या पाच-सहा सेकंदांत हाताला आलेली पहिली चाल मावळते आणि त्याची धमकी काय आहे ते दिसायला लागते. एक काळजी घ्या, स्वतःची चाल खेळण्याआधी लिहून ठेवायची नसते, फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) नियम आहे, मला त्यावरून आर्बिटरनं (पंचानं) टोकलं होतं अन् पुढच्या दहा चाली माझं लक्षच लागलं नाही.

खेड्यातल्या पोरांची अडचण मला माहीत आहे. लांब गेम लावला की मधेच नेटवर्क जाते, लाइट जाते, गेम हरतो, म्हणून आपण तीन मिनिटांवर येतो. आळस नाही तो. त्याला उपाय आहे, लिचेस या चेसच्या साइटवर फुकटात पत्रव्यवहाराचे गेम लावता येतात, एका चालीला एक दिवसापासून १४ दिवसांपर्यंत वेळ. सकाळी पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते तेव्हा पोझिशन पाहून घ्या, दिवसभर निंदण करताना, बैलं चारताना डोक्यात फिरवा, सांजच्याला घरी लाकडी बोर्डावर मांडून पाहा, दुसऱ्या दिवशी चाल पाठवा. इंजिन लावायला तिथं बंदी आहे आणि लावून फायदाही नाही. मी एका वेळी दोनच ठेवतो. पहिल्या महिन्यात लय कंटाळा येईल, डोपामिनची, म्हणजे झटपट मजेची, सवय लागलेली असते, खरं सांगतो. मग एक दिवस वखर हाकताना अचानक दिसते की घोडा मागं घेतला की त्याचा उंट अडकला, अन् तुम्ही धुऱ्यावर उभे राहून जाता.

पहिल्या टूर्नामेंटमध्ये माझे ७ पैकी दीड पॉइंट झाले. तुमचे तेवढे झाले तर रडू नका, मी रडलो होतो. जाताना दोन पेन न्या, आणि लुसेना एसटीत बसण्याआधी बोर्डावर वीस वेळा स्वतःच्या हातानं जिंकून पाहा.