मॉनिटरवरची पट्टी वाचताना: परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी

अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला किंवा ईसीजी तंत्रज्ञाला हृदयाची लय शिकवताना बहुधा वेगवेगळ्या विकारांच्या पट्ट्या दाखवून त्या लक्षात ठेवायला सांगितले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण खाटेवरच्या रुग्णाची पट्टी छापील नमुन्याशी क्वचितच तंतोतंत जुळते. दर वेळी ठरलेल्या क्रमाने मोजण्याची सवय आधी लावून घ्यावी. विकाराचे नाव त्या मोजमापातून निघते.

क्रमाची पहिली पायरी रुग्ण ही आहे. तो शुद्धीवर आहे का, बोलतो का, नाडी लागते का, हे पाहिल्याशिवाय पट्टीवर मत बनवू नये. दात घासताना, थंडीने हुडहुडी भरल्यावर किंवा कंपवाताच्या रुग्णात पडद्यावर हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारख्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या धोकादायक जलद लयीसारख्या) लाटा उमटतात. अशा वेळी नीट पाहिले तर त्या गोंधळातूनही मूळ क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याचे टोकदार तरंग) आपापल्या नियमित अंतरावर डोकावताना दिसतात, आणि बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरची लाट संथपणे चालू असते. सपाट रेषा दिसली आणि रुग्ण तुमच्याकडे पाहत असेल, तर इलेक्ट्रोड निघाला आहे. रुग्ण प्रतिसाद देत नसेल, तर मात्र आधी नाडी व श्वास पाहून छातीदाब सुरू करावा आणि वायर, लीडची (हृदयाकडे पाहण्याच्या विद्युत कोनाची) निवड व गेन (लाटांची उंची ठरवणारी सेटिंग) दुसऱ्याने तपासावेत. आधाररेषा जाड व केसाळ दिसणे हा बहुधा ५० हर्ट्‌झच्या विजेचा अडथळा असतो.

यातल्या बऱ्याच अडचणी इलेक्ट्रोड लावतानाच टाळता येतात. घाम पुसावा, गरज असल्यास केस काढावेत आणि जेल सुकलेला इलेक्ट्रोड वापरू नये. रंगांबाबत विशेष सावध राहावे, कारण दोन पद्धती वापरात आहेत. एकीत लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला लागतो. अमेरिकी पद्धतीत पांढरा उजव्या हाताला, काळा डाव्या हाताला, लाल डाव्या पायाला आणि हिरवा उजव्या पायाला. म्हणून रंगाच्या आठवणीवर न विसंबता क्लिपवरची अक्षरे वाचावीत. लीड एकमध्ये पी (क्यूआरएसआधीचा लहान तरंग) आणि क्यूआरएस दोन्ही उलटे आले, तर हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का, हे सर्वात आधी पाहावे.

कागदाचे गणित सोपे आहे. सेकंदाला २५ मिलिमीटर वेग असताना लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा व मोठा ०.२० सेकंदाचा असतो, आणि १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. यंत्र ५० च्या वेगावर असेल आणि ते लक्षात आले नाही, तर गती निम्मी मोजली जाते. नियमित लयीत दोन आर शिखरांमधल्या (क्यूआरएसच्या उंच टोकांमधल्या) मोठ्या चौकोनांनी ३०० ला किंवा लहान चौकोनांनी १५०० ला भागावे, म्हणजे मिनिटाची गती मिळते. अनियमित लयीत हे चालत नाही, तिथे ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे सहा सेकंदांतले क्यूआरएस मोजून दहाने गुणावे. पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण क्यूआरएसनंतरच्या उंच टी तरंगाला ठोका समजून मॉनिटर कधीकधी दुप्पट गती दाखवतो. नियमितता पाहण्यासाठी कोऱ्या कागदाच्या कडेवर दोन आर शिखरांच्या खुणा करून तो कागद पट्टीवर पुढे सरकवत न्यावा.

आता खरा गाभा, तो म्हणजे पी आणि क्यूआरएस यांचे नाते. पी तरंग हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, क्यूआरएस खालच्या कप्प्यांचा. (ही अक्षरे लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांनी दिली, त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले.) प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का, प्रत्येक पीनंतर क्यूआरएस आहे का, आणि दोहोंतले अंतर कायम आहे का, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. लीड दोनमध्ये पी सरळ व एकसारखा, पीआर अंतर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत) ०.१२ ते ०.२० सेकंद आणि गती ६० ते १०० असेल तर ती साइनस, म्हणजे हृदयाची नैसर्गिक लय.

पी कुठेच नाही आणि आर शिखरांचे अंतर कोणत्याही नियमाविना बदलते, तर एट्रियल फिब्रिलेशनचा (वरच्या कप्प्यांच्या विस्कळीत थरथरीचा) विचार करावा. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप खराब झालेल्या रुग्णांत आपल्याकडे हे पुष्कळदा दिसते. अशा रुग्णाचे छातीवरचे ठोके आणि मनगटाची नाडी दोन्ही मोजावीत, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. गती १५० च्या आसपास ठाम असेल, तर एट्रियल फ्लटरची शंका घ्यावी: वरचे कप्पे सुमारे ३०० च्या गतीने चालतात, दर दुसरा आवेग खाली उतरतो, आणि करवतीच्या दात्यांसारख्या लाटा क्यूआरएस व टीमध्ये लपतात.

ब्लॉक, म्हणजे वरून खाली जाणाऱ्या आवेगाला होणारा अडथळा, ओळखताना घाई करू नये. पीआर ०.२० सेकंदांहून लांब पण प्रत्येक पीमागे क्यूआरएस असेल, तर तो पहिल्या दर्जाचा. पीआर हळूहळू लांबत जाऊन एक ठोका गळला, तर मोबिट्झ एक. पीआर अजिबात न बदलता ठोका अचानक गळला, तर मोबिट्झ दोन. हा केव्हाही पूर्ण ब्लॉकमध्ये बदलू शकतो, म्हणून रुग्ण स्वस्थ दिसत असला तरी डॉक्टरांना त्याच क्षणी कळवावे आणि पेसिंगचे (बाहेरून ठोके देणारे) पॅड जवळ ठेवावेत. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपल्या गतीने आणि क्यूआरएस आपल्या, सहसा संथ, गतीने चालतात. इथे कागदाच्या कडेवर पीच्या खुणा करून सरकवल्यास टीमध्ये किंवा क्यूआरएसमध्ये दडलेला पी सापडतो. ठोका गळण्याआधीचा टी इतरांपेक्षा वेगळा दिसला, तर त्यात वेळेआधी आलेला पी असू शकतो; तो ब्लॉक नव्हे.

शेवटी क्यूआरएसची रुंदी. ती ०.१२ सेकंद, म्हणजे तीन लहान चौकोन किंवा अधिक असेल, आणि लय जलद व नियमित असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच मानावी. नाडी नसेल तर छातीदाब आणि शॉक; नाडी असेल तर डॉक्टरांना बोलावून बारा लीडचा ईसीजी. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनलाही (खालच्या कप्प्यांच्या नुसत्या थरथरीलाही) शॉक, पण खऱ्या सपाट रेषेला शॉक देत नाहीत. डायलिसिसच्या रुग्णात टोकदार उंच टी, नाहीसा होत जाणारा पी आणि रुंदावणारा क्यूआरएस दिसल्यास पोटॅशियम वाढल्याचा संशय तोंडी कळवावा, प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नये.

पट्टीवर रुग्णाचे नाव, तारीख, वेळ, लीड आणि त्या क्षणाचा रक्तदाब लिहून ती केसपेपरला लावावी. फोनवर कळवताना नुसते निदान न सांगता मोजलेले सांगावे: ‘डॉक्टर, गती ३८, पी नियमित, क्यूआरएस नियमित व रुंद, पण दोघांचा मेळ नाही; रक्तदाब ८०/५०, रुग्णाला चक्कर येत आहे.’ यावरून निदानाबद्दल मतभेद असला तरी डॉक्टरांना पुढचा निर्णय लगेच घेता येतो.