बाळंतपण अडलंय, सोनोग्राफीचा प्रोब कधी उचलायचा?

लेबर रूमला पोस्टिंग लागलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला ही परिस्थिती हमखास भेटते. पहिलटकरीण, गर्भाशयाचं तोंड ७ सेंटिमीटर उघडून अडलेलं, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन चालू, कळा चांगल्या. तुमच्या पीव्हीत, म्हणजे बोटांनी केलेल्या योनीमार्गाच्या तपासणीत, डोकं शून्य स्टेशनवर (स्टेशन म्हणजे डोकं किती खाली उतरलंय त्याचं माप, उणे म्हणजे वर), रजिस्ट्रारच्या पीव्हीत उणे एकवर, आणि सिस्टर म्हणतात, ‘नुसतं कॅपुट लागतंय.’ बहुतेक वेळा सिस्टरच बरोबर असतात. कॅपुट (बाळाच्या डोक्याच्या कातडीवरची सूज) आणि मोल्डिंग (कवटीची हाडं एकमेकांवर चढणं) वाढलं की बोटांना डोकं असतं त्यापेक्षा खाली वाटतं आणि कवटीचे सांधे चाचपता येत नाहीत. बाळाच्या डोक्याची दिशा नुसत्या बोटांनी ओळखण्यातली चूक वेगवेगळ्या अभ्यासांत २०% पासून ७०% पर्यंत आढळली आहे. सोनोग्राफी उपयोगी पडते ती इथे.

प्रत्येक बाळंतिणीला मात्र प्रोब लावायचा नाही. आयएसयूओजी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कारणं मोजकीच आहेत: पहिल्या टप्प्यात (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) किंवा दुसऱ्या टप्प्यात (तिथून बाळ बाहेर येईपर्यंत) प्रगती मंदावणं वा थांबणं, व्हॅक्यूम-फोर्सेप्स लावण्याआधीची खात्री, आणि डोकं वेडंवाकडं आल्याची शंका. फ्रान्समधल्या, २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सोनोग्राफी केलेल्या गटात सिझर आणि उपकरणी प्रसूती मिळून ३३.७% झाल्या, नुसत्या पीव्हीच्या गटात २७.१%. गरज नसताना ओपी (ऑक्सिपुट, म्हणजे बाळाच्या डोक्याचा मागचा भाग, आईच्या पाठीकडे) दिसलं की हात शिवशिवतात, असा त्याचा आमच्या मते सरळ अर्थ. बाळाचे ठोके घसरलेत, नाळ बाहेर आलीय किंवा जुन्या सिझरचा टाका उसवल्याची शंका आहे, अशा वेळी मशीन ओढत आणण्यात मिनिटं घालवू नका.

आधी पोटावरून पाहा. प्रोब जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर आडवा ठेवा. डोळ्यांच्या खोबण्या वर, तुमच्याकडे दिसल्या तर ओपी. मेंदूची मधली रेषा आडवी दिसली तर ओटी (ऑक्सिपुट बाजूला). डोक्याचा मागचा भाग आणि मानेचा कणा समोर दिसला तर ओए (ऑक्सिपुट आईच्या पोटाकडे). नोंद घड्याळाप्रमाणे करतात, जघनास्थी म्हणजे १२. ऑक्सिपुट ३.३० ते ८.३० च्या मध्ये असेल तर ओपी, २.३० ते ३.३० म्हणजे डावी ओटी, ८.३० ते ९.३० म्हणजे उजवी; उरलेलं ओए. डोकं फार खाली गेलं असेल तर वरून मधली रेषा नीट दिसत नाही, तेव्हा पेरिनियमवरूनही (योनी आणि गुदद्वाराच्या भागावरून) बघावं लागतं.

आता पेरिनियम. लघवीची पिशवी रिकामी करून घ्या. बाई अर्धवट टेकून, मांड्या आणि गुडघे दुमडून. पोटाचाच वक्र प्रोब चालतो. त्यावर जेल लावून पावडर नसलेला हातमोजा चढवा आणि आतली हवा बोटांनी बाहेर काढा. बुडबुडा राहिला तर बरोबर मधोमध काळी पट्टी येते आणि तुम्ही मशीनला दोष देत बसता. प्रोब उभा, दोन्ही लेबियांच्या (योनीच्या ओठांच्या) मध्ये. सिम्फिसिस (जघनास्थीचा मधला सांधा) लांबट, शक्यतो आडवी आणि पूर्ण कडांसह दिसली पाहिजे. प्रोब बाजूला कलला तर प्युबिक रेमसची (जघनास्थीच्या बाजूच्या फांदीची) सावली येते. अशा चित्रावर मोजमाप करूच नका.

अँगल ऑफ प्रोग्रेशनसाठी, म्हणजे डोकं किती खाली उतरलं ते सांगणाऱ्या कोनासाठी, पहिली रेषा सिम्फिसिसच्या लांबीतून. दुसरी तिच्या खालच्या टोकापासून निघून कवटीच्या सर्वांत पुढच्या भागाला स्पर्शून जाते. नवख्यांच्या दोन चुका ठरलेल्या. एक, दुसरी रेषा सिम्फिसिसच्या मधूनच काढणं. दोन, ती कवटीऐवजी कॅपुटच्या कडेला टेकवणं. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण कोन फुगतो आणि डोकं खाली आल्याचा भास होतो, म्हणजे बोटांनी फसवलं तसंच मशीनवरही फसणं.

साधारण ११६ अंश म्हणजे शून्य स्टेशन. १०६ म्हणजे उणे एक, १२७ म्हणजे अधिक एक, १३८ म्हणजे अधिक दोन. एवढे चार आकडे पाठ असले की काम चालतं.

दुसरं मोजमाप डोकं ते पेरिनियम अंतराचं. प्रोब आडवा करून फोरशेटजवळ (योनीद्वाराच्या मागच्या कडेजवळ) ठेवा आणि मऊ भाग पूर्ण दबेपर्यंत, हाडाचा अडसर लागेपर्यंत दाबा. मग कवटीची कड सर्वांत ठळक दिसेपर्यंत प्रोब कलता करा आणि कातडीपासून कवटीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं कमीत कमी अंतर घ्या. शून्य स्टेशनला ते ३५ ते ३८ मिलिमीटरच्या आसपास येतं. दुखेल म्हणून हलकं दाबलं की अंतर खोटं वाढतं आणि डोकं वर असल्याचा निष्कर्ष निघतो. किती दाबणार ते बाईला आधी सांगा. दोन्ही मोजमापं दोन कळांच्या मधली हवीत. एक कळ नसताना आणि दुसरं कळेत घेतलं, तर तुलनेला अर्थ नाही.

सिझर लागेल का, या अंदाजाचं काय? पहिल्या टप्प्यात अडलेल्या पहिलटकरणींवर स्टाव्हांगर आणि केंब्रिजमध्ये झालेला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचावाच. अंतर ४० मिमी किंवा कमी असलेल्यांत सिझर ७%, ५० मिमीपेक्षा जास्त असलेल्यांत ८२%. कोन ११० किंवा अधिक असेल तर १२%, १०० पेक्षा कमी असेल तर ६२%. दोन्ही टोकं बोलकी आहेत. पण ४२ मिमी, १०५ अंश अशा मधल्या बायका वॉर्डात भरपूर असतात आणि त्यांच्याबाबत एकटा आकडा काहीच ठरवत नाही. तिथे डोक्याची दिशा, कळांचा जोर आणि बाळाचे ठोके एकत्र बघून, योग्य वाटल्यास तासाभराने त्याच हाताने पुन्हा मोजावं. चार-पाच अंशांची वाढ ही प्रगती समजू नये, तेवढा फरक हात बदलल्यानेही पडतो.

दुसऱ्या टप्प्यात १२० अंशांच्या पुढे योनीमार्गे प्रसूतीची शक्यता चांगली, हे लहान अभ्यासातून आणि ओए बाळांवरून आलेलं आहे; ओपीत तोच कोन दिसला तरी डोक्याचा सर्वांत रुंद भाग अजून वर असू शकतो. जोर करताना कोन वाढण्याऐवजी कमी झाला, तर बाई खालचे स्नायू सैल सोडण्याऐवजी आवळते आहे. ‘अजून जोर लाव’ असं ओरडण्याने ते सुटत नाहीत. श्वास कसा सोडायचा आणि खाली कसं ढकलायचं, ते शांतपणे दाखवावं लागतं.

व्हॅक्यूमच्या आधीची सोनोग्राफी वेळखाऊ वाटते, पण कप फ्लेक्शन पॉइंटवर (कवटीवरच्या त्याच्या योग्य जागी) बसवायचा तर ऑक्सिपुट कुठे आहे हे माहीत हवं. आयर्लंडमधल्या २०१४ च्या चाचणीत डोक्याच्या दिशेचं चुकीचं निदान सोनोग्राफीच्या गटात १.६% आणि नेहमीच्या तपासणीच्या गटात २०.२% होतं, निर्णयापासून प्रसूतीपर्यंतचा वेळ वाढला नाही. आई-बाळाला होणाऱ्या इजा मात्र त्यामुळे कमी झाल्या नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता कागदांचं. भारतात गरोदर बाईची ही सोनोग्राफीसुद्धा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या, कायद्याखाली येते. फॉर्म एफ भरावाच लागतो. गर्भाची स्थिती आणि दिशा पाहणं हे कारण त्याच्या यादीत आहे. लेबर रूमचं मशीन त्या आवाराच्या नोंदणीत हवं, शेजारच्या नर्सिंग होममधून उचलून आणलेलं चालत नाही. सोनोग्राफी करणाऱ्याचं नाव नोंदणीत नसेल तर प्रोब त्याने हातात घेऊ नये, रजिस्ट्रारने कितीही घाई केली तरी. फॉर्मचा माहितीचा भाग दाखल करतानाच भरून ठेवा, म्हणजे ऐन कळेत बाईला पत्ता विचारावा लागत नाही; मात्र कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा घेऊन ठेवणं हा गुन्ह्याला आमंत्रणच आहे. नोंदी किमान २ वर्षं जपायच्या. आणि प्रोब डोक्यावरच ठेवा, इकडेतिकडे फिरवू नका.

केसपेपरवर ‘यूएसजी डन’ एवढंच लिहिलं तर पुढच्या शिफ्टला काही कळत नाही. वेळ, पीव्हीची नोंद, घड्याळाप्रमाणे दिशा, कोन, अंतर, कळेत की कळेविना, कॅपुट आहे का, आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. प्रिंटवर दोन्ही रेषा दिसत असतील तर रजिस्ट्रार कोन स्वतः तपासू शकतो. नुसता आकडा दिला तर त्याला पुन्हा पीव्ही करावी लागते, आणि बाईला ती पुन्हा सोसावी लागते.