आयरिश लग्नातली हातांची गाठ कशी बांधावी

आयरिश घरात सून किंवा जावई होऊन जाणाऱ्या बऱ्याच मराठी मुलामुलींच्या लग्नात मी वचनांच्या वेळी दोघांच्या हातांभोवती दोरी बांधली आहे. जोडपं येतं ते दहा-पंधरा प्रथांची यादी घेऊनच. त्यातल्या तीन निवडा आणि त्या नीट करा. एका तासात पंधरा प्रथा उरकल्या, तर त्यातली एकही कुणाच्या मनात राहत नाही.

आधी कायद्याचं बघा. आयर्लंडमध्ये लग्नाच्या किमान तीन महिने आधी रजिस्ट्रारकडे नोटीस द्यावी लागते. लग्न लावणारी व्यक्ती सरकारी नोंदवहीतली असावी लागते आणि वचनं दोन साक्षीदारांसमोर द्यावी लागतात. दोरीला कायद्यात काहीच स्थान नाही, त्यामुळे ती ओळखीतल्या कुणीही बांधली तरी चालते.

सोप्या गोष्टी पटकन सांगते. क्लाडा अंगठी, म्हणजे दोन हातांनी धरलेला बदाम असलेली आयरिश अंगठी, डाव्या हातात घालायची, बदामाचं टोक मनगटाकडे. नवरीजवळ लेसचा रुमाल द्यायचा. पुढे त्याचं बाळासाठी टोपडं शिवतात. पाऊस पडू नये म्हणून आदल्या रात्री 'चाइल्ड ऑफ प्राग'ची, म्हणजे बाळ येशूची मूर्ती बाहेर झुडपाखाली ठेवतात. ती विकत आणू नका, नवऱ्याच्या आजीकडे मागा. तिला फार बरं वाटतं. वाजंत्री हवी असेल तर इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप सांगा. हे वाद्य कोपराखालच्या भात्याने वाजतं आणि आवाजाला मृदू असतं. स्कॉटलंडचे मोठे पाइप्स आणून त्यांना आयरिश म्हणू नका.

आता गाठ. इंग्रजीत हिला हँडफास्टिंग म्हणतात. 'दोन हजार वर्षांची केल्टिक प्रथा' असं पत्रिकेत छापू नका. मीथ परगण्यात टेलटाउनला वर्ष आणि एक दिवसाच्या बोलीवर लग्नं लागत, अशी आख्यायिका 19व्या शतकात लिहून ठेवलेली आहे. जुन्या आयरिश कायद्यात विवाहाचे अनेक प्रकार होते, हेही खरं. पण आज दिसतो तसा दोरीचा विधी अलीकडचा आहे. म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. आपल्याकडे शेला-उपरण्याची गाठ मारतात, ती पाहत वाढलेल्या माणसाला हा क्षण समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या वेळी मी सॅटिनची रिबीन वापरली. गॉलवेजवळ, समुद्राच्या वाऱ्यात, वचनं अर्धी झाली होती आणि रिबीन सुळकन सुटून ओल्या गवतात पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं, पण नवरीचा चेहरा मी विसरलेले नाही. दुसऱ्या वेळी भीतीपोटी घट्ट बांधली, तीही मनगटांवर. हात निघेनात. हिरवा चुडा दोरीत अडकला, एक बांगडी पिचली आणि पाहुण्यांसमोर कात्री मागवावी लागली. लग्नाची गाठ कात्रीने कापायची वेळ कुणावरही येऊ नये.

म्हणून सॅटिन नकोच. लोकर किंवा सुती कापड घ्या, त्याला पकड असते. तीन पदरांची वेणी घाला. एक पदर ॲरन या जाड आयरिश लोकरीचा, दुसरा साध्या सुती दोऱ्याचा आणि तिसरा नवरीच्या आईच्या जुन्या इरकलीच्या काठाचा, हे मला सगळ्यात आवडतं. वेणी करंगळीएवढी जाड आणि दोन मीटर लांब हवी. विणताना लांबी आटते, म्हणून पदर पावणेतीन मीटरचे कापा.

अंगठ्या आधी घालून घ्या. बांधलेल्या हातांनी ते जमत नाही. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून उजवे हात तळव्याला तळवा लावून धरायचे. चुडा कोपराकडे सरकवा. दोरीचा मध्य हातांखालून घ्या, दोन्ही टोकं वर आणा आणि गाठ तळव्यांच्या सर्वांत रुंद भागावर मारा, मनगटावर नाही. सुरगाठ नको, निरगाठच मारा, पण सैल. दोरीखाली तुमची दोन बोटं आरामात जायला हवीत. वेढा एकच द्या. प्रत्येक वचनाला एक वेढा देण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी तो दोनदा मानला आणि दोन्ही वेळा गुंता झाला.

वचनाचा कागद जोडप्याच्या हातात देऊ नका. तुम्ही एकेक ओळ म्हणा, ते मागून म्हणतील. वचनं झाली की बांगडी काढताना करतो तसा हात चिंचोळा करायचा, अंगठा आत घ्यायचा आणि आपापल्या दिशेला सावकाश ओढायचा. आधी एकाने, मग दुसऱ्याने. दोरीची मोकळी झालेली कडी खाली पडू देऊ नका. दोघांनी तिची एकेक बाजू धरून ताणली की गाठ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आवळली जाते. हात ओढताच आपोआप गाठ बसणाऱ्या युक्त्या व्हिडिओत छान दिसतात. प्रत्यक्ष लग्नात हात थरथरत असतात, तिथे त्यांच्या नादी लागू नका.

आदल्या दिवशी याची तीनदा तालीम घ्या, त्याच दोरीने आणि नवरीच्या हातात त्याच बांगड्या असताना. तालमीतल्या गाठी सोडून टाका. लग्नातली सोडू नका. पावसात भिजली असेल तर सावलीत पूर्ण वाळवा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत लोकरीला कुबट वास लागतो.